नळ आला, चुना कोणाच्या माथी?



2019 साली जलजीवन मिशन आले. घरोघर नळ, अशी घोषणा झाली. नळातून काय येणार, ते कोणी सांगितले नाही. वणी, मारेगाव, झरी जामणीच्या पोटात चुनखडक आहे. पाणी चुना घेऊनच बोअरमध्ये उतरते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही, पाणी तापवायचा रॉड थर चढून जळतो, कूलरचा पंप अडकतो. कापूस विकून घेतलेली वस्तू भंगारात! पाणीपट्टी मात्र माफ नाही. मानक म्हणते, कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅम. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालेल. तो दुसरा स्रोत शोधायचा कोणी?

चुना निदान दिसतो. फ्लोराइड दिसत नाही, उकळून जात नाही. उलट जास्त फ्लोराइडच्या पाण्यात पुष्कळदा चुना कमीच असतो. रॉड स्वच्छ, पोरांच्या दातांवर तपकिरी डाग! ‘आमचे पाणी हलके’ म्हणून खूष असलेल्या गावांनीच आधी तपासणी मागावी. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिण्याचे नाही.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक बोअरचे दोन्ही आकडे फळ्यावर लिहून घ्या. ‘पाणी ठीक आहे’ एवढ्यावर उठू नका.