तेल कोणाचे, जोखीम कोणाची?

धाराशिव जिल्ह्यात खनिज तेलाची एकही विहीर नाही. तरीही ट्रॅक्टरचे डिझेल, चुलीची जागा घेतलेला सिलिंडर आणि उसाला टाकायचा युरिया, या तिन्हींचे धागे समुद्रापर्यंत जातात. अलिबागजवळचा थळचा खत कारखाना तर बॉम्बे हायच्या वायूवरच उभा राहिला. तेव्हा तेलात पैसा कोण घालतो, हा प्रश्न केवळ अर्थतज्ज्ञांचा नाही; दुष्काळी तालुक्यातल्या घरखर्चाचाही आहे.

या धंद्याचे मर्म धाराशिवच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. बोअर कोरडा गेला की पैसा मातीत जातो. तो घेताना उसनवारी किंवा सावकार. पाणी लागल्यावर मात्र मोटार आणि पाइपलाइनसाठी बँक दार उघडते. तेलाचेही असेच आहे. शोधाची जोखीम कोणालाच नको असते, सापडलेल्या तेलावर कर्ज द्यायला मात्र सावकार तयार असतात.

बॉम्बे हायची कहाणी हेच सांगते. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने समुद्राखालची पाहणी झाली आणि १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. जागतिक बँकेचे १५ कोटी डॉलरचे कर्ज आले ते त्यानंतर, १९७७ मध्ये. तेल-उत्पादनासाठी बँकेने दिलेले ते पहिलेच कर्ज. १९७३ च्या दरवाढीने गरीब देशांची परकीय गंगाजळी आटू लागली होती, त्यामुळे बँकेलाही आपले जुने धोरण बदलावे लागले.

जोखीम सरकारने घेतली, म्हणून मालकीही देशाकडे राहिली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास देशाची सुमारे दोन तृतीयांश गरज देशी तेलातून भागत होती. पुढे मागणी वाढत गेली आणि जुनी क्षेत्रे थकली. १९९० च्या आखाती पेचानंतर तर परकीय चलनासाठी सोने गहाण टाकण्याची वेळ आली. आज आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो.

पण मालकी आणि पैसा पुरेसा असतो का? आफ्रिकेतल्या चाडचे उदाहरण पाहा. २००० मध्ये जागतिक बँकेने तेथील तेलवाहिनीला साहाय्य दिले. अट अशी, की तेलाचे उत्पन्न शिक्षण, आरोग्य अशा कामांवर खर्च व्हावे. सरकारने काही वर्षांतच तो कायदा बदलला आणि २००८ मध्ये बँक त्यातून बाहेर पडली. करार कागदावर राहिला, कारण त्याला जाब विचारणारी जनशक्ती उभी नव्हती. पुढे हवामानबदलाच्या चिंतेने बँकेने २०१९ नंतर तेल-वायूच्या शोध व उत्पादनाला पैसा देणे थांबवले. २०२५ मध्ये वायूबाबत मात्र दार पुन्हा किलकिले केले. सावकाराचे धोरण बदलते, देशाची गरज तशीच उरते.

आता हाच प्रश्न धाराशिवच्या शिवारात आला आहे. आयात कमी करण्यासाठी इथेनॉलचा मार्ग निवडला गेला. २०१८ पासून केंद्राने आसवनी प्रकल्पांच्या कर्जावर व्याज-सवलत दिली, तेल कंपन्यांनी इथेनॉल विकत घेतले आणि २०२५ मध्ये पेट्रोलमधील मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. आयात वाचली, कारखान्यांना पैसा मिळाला, हे मान्यच केले पाहिजे. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये कमी पावसामुळे साखर घटेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले. ते उठले ऑगस्ट २०२४ मध्ये. जमिनीतले तेल पावसाची वाट पाहत नाही, उसातले पाहते.

येथे बँकेच्या व्याजाला सरकारचा आधार आहे, कारखान्याच्या मालाला गिऱ्हाईक आहे. पण उसाखालची विहीर आटली तर तिचा विमा कोण उतरवणार? सामूहिक जोखीम उचलून देशाने समुद्रातले तेल मिळवले. तोच न्याय शिवारातल्या इंधनाला लावायचा, तर कर्जाचा हिशेब मांडताना पाण्याचाही हिशेब मांडावा लागेल. ठिबकाला आणि कमी पाण्याच्या पिकांना तितक्याच खात्रीचा पैसा व बाजार मिळायला हवा. नाहीतर इंधनाचा नफा एकाचा आणि कोरडी विहीर दुसऱ्याची, ही जुनीच वाटणी पुन्हा होईल.