घर भाड्यानें देतांना

“अहो गुरुजी, मुलगा चांगल्या घरचा आहे. त्याच्या वडिलांना आम्ही ओळखतों. त्याच्याकडून काय लिहून घ्यावयाचें?” असा प्रश्न आमच्या शेजाऱ्यांनीं परवां ओसरीवर बसून विचारला. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यास माडीवरच्या दोन खोल्या द्यावयाचें त्यांच्या मनांत होतें. यवतमाळांत हा प्रश्न दर वर्षीं पुष्कळ घरीं निघतो. पुसद, उमरखेड, दिग्रस इकडून मुलें शिकावयास येतात; वणीकडे कोळशाच्या खाणींमुळें परगांवचे लोक बिऱ्हाडें करितात; आणि वाड्यांतलीं मुलें पुण्या-मुंबईस गेल्यामुळें खोल्या रिकाम्या पडतात. बिऱ्हाडकरू आणि घरमालक यांची गांठ पडावयाचीच. ती कागदावर पडावी कीं नुसती जिभेवर, एवढाच प्रश्न.

शेजाऱ्यांस आम्हीं आमचीच हकीकत सांगितली, ती येथें देतों. २०१६ सालीं आम्हीं मागील दोन खोल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास दिल्या. विद्यार्थ्यापाशीं लेख मागणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें, अशी आमची समजूत. घरांत कुरकुर झाली, म्हणून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर चार ओळी लिहून त्यावर नोटरीचा शिक्का मारून आणला, आणि अकरा महिन्यांचा कागद झाला म्हणून निश्चिंत झालों. अकरा महिने सरले. नवा कागद कोणींच केला नाहीं. २०१९ मध्यें धाकटे बंधू नोकरी आटोपून सहकुटुंब परत आले आणि त्या खोल्या आम्हांस हव्या झाल्या. तेव्हां असें निघालें कीं, आमच्या हिशेबानें अनामत वीस हजार होती, तर त्याच्या हिशेबानें चाळीस. अंगणांतली कोठी आम्हीं तात्पुरती वापरावयास दिली होती, तर ती भाड्यांतच धरलेली आहे असें त्याचें म्हणणें. तो लबाड नव्हता. २०१८ च्या उन्हाळ्यांत निळोणा व चापडोह या दोन्ही जलाशयांनीं तळ गाठला होता आणि सारें शहर टँकरकडे डोळे लावून बसलें होतें, हें वाचकांपैकीं कित्येकांस आठवत असेल. त्या वेळीं कूपनलिका खोल करण्यासाठीं त्यानें जे पैसे दिले, ते तो अनामतींत धरीत होता आणि आम्ही पाण्याच्या खर्चांत. दोघेही खरें बोलत होतों, आणि खरें बोलतां बोलतां बोलेनासे झालों.

वकिलांकडे गेलों तेव्हां आमचें अज्ञान उघडें पडलें. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणें असा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांची चाल पडली ती नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ वरून. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदावा असें त्यांत आहे. म्हणून मुदत वर्षाच्या आंत ठेवावी, म्हणजे नोंदणी नको, ही युक्ति लोकांनीं काढली. महाराष्ट्रांत कलम ५५ पुढें ती चालत नाहीं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी न केल्यास मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. परंतु आमच्या मतें खरा फटका निराळाच आहे. नोंदलेला लेख नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावें असें तेंच कलम सांगतें. वीस कीं चाळीस, हें सिद्ध करण्याचें ओझें अशा रीतीनें आमच्याच डोक्यावर आलें.

आमच्या शास्त्रकारांस ही अडचण ठाऊक होती. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति आणि साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. भुक्ति भाडेकरूकडे असतेच, कारण जागेंत राहतो तो. मालकापाशीं लेख नसला म्हणजे उरले साक्षीदार, आणि ते बहुधा दोघांचेही शेजारी! कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, सोड म्हटल्यावरही घर न सोडणारा भाडेकरू आणि भाडें देणाऱ्यास हुसकून लावणारा मालक, दोघांसही सारखाच बारा पणांचा दंड आहे. हा समतोल आम्हांस फार आवडतो. आतां आपण त्या भाडेकरूस हुसकून लावणार नव्हतों हें खरें. परंतु पाणी तोडण्याचा सल्ला देणारे आप्त आम्हांसही भेटले होते. कायद्यानें तें निषिद्ध आहे, आणि कायदा नसता तरी आमच्या हातून तें झालें नसतें.

‘घर भाड्यानें दिलें तें गेलें’ असें वडील मंडळी म्हणत, तें उगाच नव्हे. आमच्या विदर्भांत १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश पन्नास वर्षें चालला. भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वीं नियंत्रकाची लेखी परवानगी लागे, मग नोटीस, आणि तरीही तो न हलल्यास दिवाणी दावा. कित्येकांनीं घरांस कुलुपें लावून ठेवणें पत्करलें. नव्या अधिनियमाच्या कलम २४ नें ही स्थिति पालटली. राहण्यासाठीं ठराविक मुदतीची परवानगी देणारा करार, ज्यास लोक लीव्ह अँड लायसन्स म्हणतात, तो केलेला असला तर मुदत संपतांच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मागतां येते, आणि पुढें राहिलेल्या काळाची भरपाई ठरल्या रकमेच्या दुपटीनें द्यावी लागते. या करारानें जागेंत राहण्याची परवानगी मिळते, जागेवर हक्क मिळत नाहीं.

खर्चाची भीति व्यर्थ आहे. महिना सहा हजार, मुदत अकरा महिने, परत करावयाची अनामत वीस हजार असें धरूं. सहासष्ट हजार भाडें आणि अनामतीवर दर साल शेंकडा दहाप्रमाणें धरलेलें व्याज, यांवर पाव टक्का मुद्रांकशुल्क; तें दोनशें रुपयांच्या आंतबाहेर होतें. नोंदणीचें शुल्क वेगळें. नोंदणी आतां संगणकावरून घरबसल्या होते. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा लागतो. आमच्या वकिलांच्या दोन भेटींची दक्षिणा याहून पुष्कळ अधिक झाली.

मजकुरांत काय घालावें? भाडें, मुदत, अनामत हें सारेच घालतात. यवतमाळांत पाण्याचें कलम अवश्य घालावें: कूपनलिका आटल्यास टँकर कोणीं आणावा, पंप बिघडल्यास पैसे कोणीं द्यावे, आणि मधेंच दिलेली रक्कम कशांत धरावी. गच्ची, अंगण, कोठी यांचा नांवानिशीं उल्लेख करावा. विजेच्या मापकाचा पहिल्या दिवसाचा आंकडा लिहावा. पुढें जी रक्कम हातीं येईल तिची पावती द्यावी. आमचा तंटा शेवटीं तीस हजारांवर मिटला. त्या विद्यार्थ्यानें जातांना नमस्कार केला, पण दिवाळीस तो आला नाहीं. अद्यापि येत नाहीं.

शेजाऱ्यांनीं हें सारें ऐकून घेतलें आणि घरांतून कागद आणिले. पहिलीच अडचण अशी निघाली कीं, नगरपरिषदेच्या करपावतीवर अजून त्यांच्या दिवंगत वडिलांचेंच नांव आहे. घर वडिलांच्या कमाईचें; मृत्युपत्र नाहीं; तेव्हां १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणें मातोश्री, दोघे भाऊ आणि दोघी बहिणी, सारेच मालक. भाडेकरूची ओळख पटवीत बसलों होतों, आणि मालक कोण तेंच ठरावयाचें होतें! “बहिणींचीही सही लागेल?” त्यांनीं जरा थांबून विचारलें. सर्वांच्या सह्या, किंवा सर्वांनीं एकास दिलेलें मुखत्यारपत्र, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं तेथूनच नागपूरच्या बहिणीस फोन लावला.