चिलीम, मार्ली आणि मावशीचं किनवट

परवा वीकेंडला मावशीकडे किनवटला गेले होते. दारात मावसभाऊ उभा, अंगात बॉब मार्लीचा टीशर्ट! वय वर्षं एकोणीस. "ताई, गांजा म्हणजे जमैकन कल्चर आहे, माहितीये?" मावशी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कायचं जमैका रे! आमच्या लहानपणी माहूरच्या जत्रेत बैरागी चिलीम ओढत बसायचे."

बॉस, मावशी बरोबर होती. 'गांजा' हा शब्दच आपल्याकडून तिकडे गेला. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय मजूर करारावर जमैकात राबायला गेले. त्यांच्यासोबत गांजा गेला, चिलीमही गेली. पुढे १९३० मध्ये हेले सेलासी इथिओपियाचा सम्राट झाला आणि त्याला देव मानणारा रास्ताफारी पंथ जमैकात उभा राहिला. या पंथाचा आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल. त्याचं टोपणनावही हिंदी वळणाचं, 'गंगनगुरू मराघ'!

खऱ्या रास्तासाठी गांजा हा पार्टीचा आयटम नाहीच. गोल करून बसायचं, प्रार्थना म्हणायची, चिलीम फिरवायची आणि देव, न्याय, गुलामी यांवर बोलायचं. दारूला तर अनेकजण शिवतही नाहीत. या श्रद्धेची किंमतही त्यांनी मोजली. १९६३ मध्ये कोरल गार्डन्सच्या घटनेनंतर पोलिसांनी रास्तांना पकडून झोडपलं, त्यांच्या जटा कापल्या. सरकारने माफी मागितली ती थेट २०१७ मध्ये! पीटर टॉशचं १९७६ चं 'लीगलाइझ इट' म्हणजे नुसती मस्ती नव्हे, ती मागणी होती. २०१५ मध्ये जमैकात कायदा बदलला आणि रास्तांना धार्मिक वापराची मुभा मिळाली.

आणि आपल्याकडे? १९८५ चा एनडीपीएस कायदा. एक किलोपर्यंत गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात बैराग्याला सूट नाही आणि मार्लीच्या फॅनलाही नाही.

भाऊ गप्प झाला. पोलिस भरतीची तयारी करतोय तो. हळूच म्हणाला, "मित्र आग्रह करतात गं... एकदा घेऊन बघ म्हणून."

"आणि केस झाली तर? व्हेरिफिकेशनला मित्र येणारेत का?"

"...टीशर्ट ठेवू ना पण?"

"ठेव की! गाणी पण ऐक. ती कुठल्याच कायद्यात बसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दार वाजलं. साहेब कानात मार्ली लावून ग्राउंडवर पळायला निघाले होते.