तंबूत शिरण्याआधी साखर तपासा

महामार्गाच्या कडेचे जडीबुटीचे तंबू, रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोगा'च्या जाहिराती आणि आता मोबाइलवर येऊन आदळणारी 'मर्दानी ताकदी'ची चूर्णं. हा सगळा धंदा कोणाच्या जिवावर चालतो? लिंगाला पूर्वीसारखी ताठरता येत नाही हे बायकोला, मित्राला, अगदी घरच्या डॉक्टरांनाही सांगू न शकणाऱ्या पुरुषांच्या. तुम्ही त्यांतले असाल तर हे तुमच्यासाठीच लिहिलं आहे.

एखाद्या रात्री जमलं नाही म्हणजे आजार झाला असं नव्हे. दमणूक, जागरण, कर्जाचा हप्ता, नको तितकी झालेली दारू, कारण काहीही असू शकतं. पण दोन-तीन महिने बहुतेक वेळा असंच होत असेल तर मात्र अंगावर काढू नका. 'आता वय झालं' हे उत्तर पुरेसं नाही. वयाबरोबर हा त्रास वाढतो हे खरं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांची पाहणी झाली होती. १९९४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा निम्म्याहून अधिक पुरुषांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास असल्याचं दिसलं. पण आजार सार्वत्रिक आहे म्हणून तो बिनमहत्त्वाचा ठरत नाही.

महत्त्वाचा का, ते सांगतो. ताठरता येते ती लिंगात रक्त भरल्यामुळे. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या त्याहून मोठ्या, साधारण तीन-चार मिलिमीटरच्या. धमन्यांच्या आत चरबीचा थर साठू लागला की घरातला बारीक नळ जसा आधी तुंबतो, तसा इथला रक्तपुरवठा आधी कमी पडतो. म्हणूनच पुष्कळ पुरुषांमध्ये छातीत दुखण्याच्या दोन-चार वर्षं आधीच ताठरतेची तक्रार सुरू झालेली असते. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने ही तक्रार लपवणं म्हणजे हृदयविकाराची आगाऊ सूचना फाडून टाकणं. माझ्या मते या विषयात एवढी एकच गोष्ट लोकांपर्यंत पोचली तरी पुष्कळ झालं.

मधुमेह तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडवतो. साखर वाढलेली आहे हे ठाऊकच नसलेल्या कित्येकांना तिचा पहिला पत्ता इथूनच लागतो. वाढलेला रक्तदाब, सुटलेलं पोट, सिगारेट-विडी हे त्याचे सोबती. तंबाखू चघळणाऱ्यांनीही खूश होऊ नये, निकोटिन धुरातूनच आत जातं असं नाही. रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते. मात्र शंका आली म्हणून त्या परस्पर बंद करू नका. गोळी बदलता येते, पण ते काम डॉक्टरांचं.

आणि मन? पहाटे जाग येताना ताठरता नीट येते, पण बायकोजवळ गेल्यावर येत नाही, असं असेल तर बहुधा शरीराची यंत्रणा शाबूत असते आणि भीती आड येत असते. नव्याने लग्न झालेल्या तरुणांमध्ये हे फार दिसतं. त्यात लहानपणीच्या हस्तमैथुनामुळे 'ताकद गेली' हा समज. ती जात नाही. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून र. धों. कर्वे अशा विषयांवर उघडपणे लिहीत होते. जवळपास शंभर वर्षं होत आली, तरी तंबूवाले त्याच भीतीवर पोट भरतात याचं नवल वाटतं.

तपासणीत घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टर प्रश्न विचारतात, रक्तदाब आणि पोटाचा घेर मोजतात, गरज असेल तर अवयव तपासतात. रक्तात उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि टेस्टोस्टेरॉन पाहतात. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळीच द्यावं, दिवस चढतो तसं ते उतरतं. डॉप्लरसारख्या पुढच्या तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत.

उपचारांची सुरुवात तंबाखू सोडणं, रोज भरभर चालणं, वजन आणि साखर आटोक्यात आणणं इथून होते. याने काहींचा त्रास गोळीशिवायही कमी होतो. गोळ्यांमध्ये सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या मुख्य. सिल्डेनाफिलवर आधी संशोधन चाललं होतं ते हृदयशूळासाठी. ताठरतेसाठी अमेरिकेत तिला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. गोळी घेतली की आपोआप काही होत नाही, इच्छा आणि स्पर्श लागतोच. मटणाच्या जेवणावर सिल्डेनाफिल घेतली तर गुण उशिरा येतो. एकदा घेऊन 'उपयोग नाही' म्हणत सोडणारे बहुधा इथेच चुकलेले असतात.

पण एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कुठलीही नायट्रेटची गोळी चालू असेल, तर या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब एकदम कोसळतो. आणि अशी गोळी घेतल्यावर छातीत दुखून दवाखान्यात जावं लागलं, तर लाज बाजूला ठेवून काय घेतलं ते आधी सांगा. ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तरी थेट दवाखाना गाठा.

गोळ्यांचा उपयोग झाला नाही, तर निर्वात पंप, लिंगात द्यायचं इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचा रोपण-दांडा असे मार्ग आहेत. मूत्रविकारतज्ज्ञ ते समजावून सांगतात. कारण मनाचं असेल तर समुपदेशन.

राहिली चूर्णं. संभोगशक्ती वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. शिवाय 'शंभर टक्के वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना वारंवार सापडलं आहे. किती मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सॉर्बिट्रेट घेणाऱ्या माणसाने असली पुडी खाल्ली तर काय होईल, याचा विचार करा.

तुम्ही टाळू लागलात की बायकोला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे किंवा यांचं बाहेर कुठे आहे. तिला खरं कारण सांगा. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आणि ती तयार असेल तर तिलाही घेऊन जा.