अर्ज लिहिण्याआधी त्याला विचारलंत का?

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका सूनबाईंचा फोन आला. नवरा एका हायस्कूलमध्ये फुटबॉल शिकवतो, त्याला कर्करोग निघालाय. "काका, तुम्ही बँकेत होतात, अर्ज-बिर्ज छान लिहिता. ह्यांच्या स्वेच्छानिवृत्तीचा लिहून द्या ना." मी विचारलं, तो काय म्हणतो? "त्यांना काय विचारायचं? ते मैदान सोडायलाच तयार नाहीत." मी अर्ज दिला नाही. बाई रागावल्यात, त्यांच्या सासूबाईही. म्हणून हे लिहितोय.

आम्ही काचीगुड्याचे. आमच्याच भागातल्या मिडल स्कूलमध्ये एके काळी सय्यद अब्दुल रहीम मास्तर होते, पुढे चादरघाट हायस्कूलमध्येही. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. त्या संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप आणला. भारतीय संघही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' सिनेमा आला, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. ४ सप्टेंबरला अंतिम सामना पुन्हा त्यांच्याशीच. जर्नेलसिंग बचावातला गडी, डोक्याला टाके पडलेले. त्याला रहीमसाहेबांनी पुढच्या फळीत उभा केला आणि त्याने गोल मारला. २-१, सुवर्णपदक. पुढच्या ११ जूनला रहीमसाहेब कर्करोगाने गेले. वय ५३.

सिनेमा बघून लोक म्हणतात, काय जिद्द! असेल जिद्द. मला मात्र वाटतं, शिट्टी गळ्यात असते तोवर माणसाचं डोकं रोगाकडे नसतं, जर्नेलसिंगला कुठे उभा करायचा याकडे असतं. हे कुठल्याही औषधाच्या बिलात लिहिलेलं नसतं. मी बी. कॉम. झालेला माणूस, बिलं मी फार बारकाईने तपासलीत.

कुणाची, तेही सांगतो. माझा दादा एका हायस्कूलमध्ये पी. टी. शिकवायचा. लहानपणापासून रहीमसाहेबांचा भक्त. ते पोरांच्या स्पर्धा 'ड्रिब्लिंग करायचं नाही' असा नियम लावून घ्यायचे म्हणे, तेच दादा आपल्या शाळेत करायचा. चेंडू पायात घोळवला की शिट्टी! १९९८ मध्ये त्याला आतड्याचा कर्करोग निघाला. नोकरीची चार वर्षं उरली होती. घरात बैठक झाली. वहिनी, मी, आमची आत्या, सगळे हजर. दादा आतल्या खोलीत झोपला होता. रजेचा अर्ज मी लिहिला, इंग्रजीत, एकदम मुद्देसूद. दादाने चष्मा न लावता सही केली.

डॉक्टरांनी 'गर्दी टाळा' सांगितलं होतं. तेवढं बरोबरच, केमो चालू असताना जंतुसंसर्ग महागात पडतो. पण 'मैदान बंद' असं ते म्हणाले नव्हते. आठवड्यातून दोन दिवस, कडेला खुर्ची टाकून, पोरांपासून चार हात लांब बसलं तर चालेल का, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही. आमच्या मायेला ते सुचलं नाही. टीमची पोरं एकदा घरी आली, त्यांना वहिनींनी दारातूनच परत पाठवलं. दादा रोज चारला गॅलरीत येऊन बसायचा. शाळा तिथून दिसत नव्हती. सात महिन्यांनी गेला.

मैदानावर गेला असता तर जास्त जगला असता, असं मी म्हणत नाही. कदाचित महिनाभर आधीच गेला असता. पण तो हिशोब त्याने करायचा होता, आम्ही परस्पर खातं बंद करून टाकलं. आणि आजारी माणसाला काम नको वाटत असेल, तर त्याने खुशाल घरी बसावं. त्याला 'लढ लढ' म्हणत मैदानावर ढकलणारेही मला आवडत नाहीत. प्रश्न विचारण्याचा आहे.

सूनबाई, तुम्ही हे वाचत असाल. रविवारी सकाळी मी येतोय. तुमच्या नवऱ्याशी बोलीन, तुम्हीही शेजारी बसा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना काय विचारायचं, ते आपण तिघं कागदावर लिहून काढू. एवढं होऊनही तो म्हणाला की अर्ज द्या, तर पेन माझ्या खिशात असेलच.