अखेरचा निर्णय कोणाचा?

विशेष प्रतिनिधी

अतिदक्षता विभागाच्या दाराशी ‘पुढे काय करायचे ते ठरवा’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा तो प्रश्न बहुधा रुग्णाला विचारलेला नसतो. मुलगा, जावई, भाऊ यांपैकी जो समोर असेल, त्याला तो विचारला जातो. श्वसनयंत्र चालू ठेवावे की काढावे, हा निर्णय वैद्यकाचा, धर्माचा, कुटुंबाचा की ज्याचे आयुष्य आहे त्याचा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाजाने आपापल्या परीने शोधले आहे. भारतात ते कायद्यात उतरले आहे. घराघरांत मात्र ते अद्याप पोहोचलेले नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे तोंड फुटले ते मुंबईत. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे जबरीने दिले जाणारे अन्न थांबवावे, ही पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले आणि त्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या. त्याच निकालाने उपचार थांबवून मृत्यूला वाट करून देण्यास, म्हणजे निष्क्रिय दयामरणास, उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर मान्यता दिली. अरुणा यांचे १८ मे २०१५ रोजी निधन झाले. त्यांची स्वतःची इच्छा काय होती, हे कोणालाही कळू शकले नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न ९ मार्च २०१८ च्या निकालाने केला. सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगत पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे उपचारांविषयी आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वाक्षरी आवश्यक असल्याने ही तरतूद व्यवहारात अवघड ठरली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अटी सैल केल्या. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरले. रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे ठरले.

इतर देशांचा अनुभव पाहिला, तर कायदा रुजतो तो तेथील समाजाच्या धाटणीने. नेदरलँड्समध्ये व्यक्तीचा निर्णय सर्वोपरी मानला जातो. तेथे २००२ पासून ठरावीक अटींवर डॉक्टरांच्या हातून मृत्यू पत्करण्यासही कायद्याची मुभा आहे. इस्रायलने २००५ मध्ये केलेल्या कायद्यात ज्यू धर्मशास्त्राशी मेळ घातला. सतत चालणारे उपचार मध्येच तोडणे तेथे निषिद्ध. पण टप्प्याटप्प्याने दिले जाणारे उपचार पुन्हा सुरू न करण्यास हरकत नाही. म्हणून श्वसनयंत्राला कालमापक जोडण्याची कल्पना पुढे आली. कुटुंबाला मोठे स्थान असलेल्या तैवानमध्ये २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार असे इच्छापत्र करण्यापूर्वी वैद्यकीय सल्लामसलत होते आणि तीत जवळच्या एका तरी नातेवाइकाने सहभागी व्हावे, अशी अपेक्षा असते. दक्षिण कोरियात २०१८ पासून, रुग्णाने काही लिहून ठेवले नसल्यास, त्याची इच्छा काय होती याविषयी कुटुंबातील दोघांचे एकसारखे सांगणे ग्राह्य धरता येते.

आपली परंपरा याबाबत मुकी नाही. सावरकरांनी १९६६ मध्ये आणि विनोबांनी १९८२ मध्ये अन्न वर्ज्य करून देह ठेवला. जैनांच्या संथाऱ्याला राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवले, तेव्हा त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. प्रायोपवेशन आणि उपचार नाकारणे या एकच गोष्टी नव्हेत. परंतु स्वतःच्या अखेरीविषयी शुद्धीत असताना बोलण्याला येथे मान आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

सर्वसामान्य घरात मात्र हा विषय अभद्र मानला जातो. वडिलांसमोर तो काढणे म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणे, अशी समजूत असते. परिणामी निर्णय पैसा घेतो. ज्यांना परवडते ते भीतीपोटी यंत्रे चालू ठेवतात. ज्यांना परवडत नाही ते डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, कागदावर सही करून रुग्णाला घरी नेतात. दोन्हीकडे रुग्णाचे मत गैरहजर असते आणि घरी नेलेल्याला वेदनाशमनाचे औषधही मिळेलच, याची शाश्वती नसते.

म्हणूनच तैवानच्या मार्गातून आपल्याला शिकण्यासारखे आहे. कुटुंबाला वगळून नव्हे, तर कुटुंबासमोर बसून रुग्णाने बोलावे. दीर्घ आजाराच्या रुग्णाशी हे बोलणे डॉक्टरांनी वेळीच सुरू करावे आणि वेदनाशमनाची सेवा तालुक्यापर्यंत न्यावी, ही सरकारची जबाबदारी आहे. अन्यथा सन्मानाने मरण्याचा हक्क निकालपत्रात राहील आणि अखेरचा निर्णय रुग्णालयाचे बिल घेत राहील.