कौल मिळाला, अर्थ कोण लावणार?

२०१७ च्या जानेवारीअखेरीस ब्रिटनच्या संसदेत दोनच कलमांच्या एका विधेयकावर चर्चा होणार होती. युरोपीय संघाच्या करारातील कलम ५० नुसार संघातून बाहेर पडत असल्याची नोटीस देण्याचा अधिकार पंतप्रधानांना मिळावा, एवढाच त्या विधेयकाचा आशय. २३ जून २०१६ ला ब्रिटिश जनतेने सार्वमतात संघ सोडण्याचा कौल दिला. त्याला सात महिने होऊन गेल्यावर अंमलबजावणीचे पहिले कायदेशीर पाऊल पडत होते, आणि तेही सरकारने आपण होऊन टाकलेले नव्हते. संसदेला न विचारता नोटीस देता येईल, असा थेरेसा मे सरकारचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी एकत्र बसून हा खटला ऐकला आणि २४ जानेवारी २०१७ ला आठ विरुद्ध तीन अशा मतांनी तो दावा फेटाळला.

या निकालामुळे सार्वमताच्या दिवसापासून दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न उघड्यावर आला. आपल्याला न पटलेला कौल राजकारणी अमलात आणतील का? संघ सोडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख मते पडली आणि राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख. टक्केवारीत हे प्रमाण ५१.९ आणि ४८.१ असे होते. मात्र ज्यांच्या हाती तेव्हा हे विधेयक आले, त्या साडेसहाशे खासदारांपैकी सुमारे पावणेपाचशे जण संघात राहण्याच्या बाजूचे होते. खुद्द मे यांचे मतही तेच होते. ते त्यांनी हळू आवाजात मांडले, म्हणून डेव्हिड कॅमेरॉन यांच्या राजीनाम्यानंतर त्यांना पंतप्रधानपद मिळू शकले, ही गोष्ट वेगळी.

कायद्याच्या भाषेत हे सार्वमत निव्वळ सल्ल्याच्या स्वरूपाचे होते. २०१५ च्या सार्वमत कायद्यात निकालाचे पुढे काय करायचे, याविषयी एक ओळही नाही. हे अनवधानाने झाले असे म्हणावे, तर त्याच देशाचा आधीचा अनुभव आड येतो. २०११ मध्ये मतदानपद्धती बदलण्यावर सार्वमत झाले, तेव्हा होकार आल्यास नवी पद्धत लागू करण्याचे बंधन कायद्यानेच मंत्र्यावर घातले होते. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या विधानसभेसाठी मतदान झाले, तेव्हा एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा अशी अट होती. पडलेल्या मतांपैकी ५१.६ टक्के बाजूने असूनही त्या अटीपायी विधानसभा झाली नाही. म्हणजे बंधन कसे घालावे आणि उंबरठा कसा ठेवावा, या दोन्ही गोष्टी वेस्टमिन्स्टरला ठाऊक होत्या. २०१५ मध्ये दोन्ही टाळल्या गेल्या, कारण हरण्याची शक्यता कॅमेरॉन यांनी गांभीर्याने घेतलीच नव्हती. उलट घरोघरी पाठवलेल्या पत्रकात, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणील, असे वचन देऊन ते मोकळे झाले. त्या पत्रकावर सरकारी तिजोरीतून ९० लाख पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली. कायद्यात नसलेले बंधन टपालाने घरी पोहोचले.

मतदारांच्या मनातील संशय अनाठायी नव्हता. कौल पचवण्याच्या कलेत युरोपातील नेते तरबेज आहेत. १९९२ मध्ये डेन्मार्कने मास्ट्रिक्ट करार नाकारला. काही सवलती देऊन पुढच्याच वर्षी पुन्हा मतदान घेतले आणि होकार मिळवला. आयर्लंडच्या बाबतीत तर हे दोनदा झाले. २००१ चा नकार २००२ मध्ये फिरवण्यात आला आणि २००८ चा २००९ मध्ये. फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या जनतेने २००५ मध्ये युरोपीय राज्यघटना फेटाळली. तिच्यातील बहुतेक मजकूर लिस्बन कराराच्या वेष्टनात परत आला आणि तेव्हा या दोन्ही देशांत जनतेला विचारलेच गेले नाही. ग्रीसमध्ये ५ जुलै २०१५ रोजी ६१ टक्के मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी धुडकावल्या. त्यानंतर आठवडाभरात पंतप्रधान त्सिप्रास यांनी तितक्याच कडक अटी मान्य केल्या. तेव्हाचे ताजे उदाहरण स्वित्झर्लंडचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ५०.३ टक्क्यांच्या निसटत्या बहुमताने स्थलांतरितांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा निर्णय झाला. डिसेंबर २०१६ मध्ये स्विस संसदेने त्यासाठी जो कायदा केला, त्यात मर्यादा नव्हतीच. स्थानिक बेरोजगारांना नोकरीत आधी संधी द्यावी, एवढीच सौम्य तरतूद तेवढी होती.

मग ब्रिटनही याच वाटेने जाणार होता का? लक्षणे तशी दिसत नव्हती. ३१ मार्च २०१७ पूर्वी नोटीस द्यावी, हा ठराव हाऊस ऑफ कॉमन्सने डिसेंबर २०१६ मध्येच ४४८ विरुद्ध ७५ मतांनी संमत केला होता. तेव्हाच्या सत्ताधारी हुजूर पक्षात विधेयकाला उघड विरोध करणारे एकटे ज्येष्ठ खासदार केनेथ क्लार्क होते. मजूर पक्षाचे तत्कालीन नेते जेरेमी कॉर्बिन यांनी विधेयकाच्या बाजूने मत देण्याचा कडक पक्षादेश काढला होता. त्याने पक्षात फूट पडण्याची, काही जण पदे सोडण्याची चिन्हे होती. पण मजूर पक्षाच्या बहुसंख्य मतदारसंघांनी संघ सोडण्याचा कौल दिला, हे वास्तव कॉर्बिन यांना नजरेआड करता येत नव्हते. लिबरल डेमोक्रॅट पक्षाने संघात राहण्याचा झेंडा हाती धरून लंडनमधील रिचमंड पार्कची पोटनिवडणूक जिंकली खरी, तरी तेव्हा त्यांचे खासदार जेमतेम नऊ होते. हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये सरकारला बहुमत नव्हते. तेथे दुरुस्त्या सुचवल्या जाण्याची, कदाचित त्या मंजूरही होण्याची शक्यता होती. परंतु नेमणुकीने बसलेल्या सभागृहाने पावणेदोन कोटी मते अडवून धरण्याचे धाडस करणे अवघड होते. शिवाय वातावरण असे तापले होते, की नोव्हेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने संसदेच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा एका खपाऊ दैनिकाने न्यायाधीशांची छायाचित्रे छापून त्यांना जनतेचे शत्रू ठरवले होते. अशा हवेत खासदार कौल नाकारणार नव्हते. नोटीस जाणार होती.

आणि खरा वाद त्यानंतर सुरू होणार होता. मतपत्रिकेवर राहायचे की सोडायचे, एवढेच विचारले होते. सोडून कोठे जायचे, हे विचारलेले नव्हते. प्रचारकाळात सोडण्याच्या बाजूच्या मंडळींतच एकवाक्यता नव्हती. कोणी नॉर्वेप्रमाणे एकल बाजारपेठेत राहण्याची गोष्ट करीत होते, कोणी स्थलांतर थांबवायला निघाले होते, तर कोणाला साऱ्या जगाशी स्वतंत्र व्यापारकरार हवे होते. मे यांनी १७ जानेवारी २०१७ च्या लँकेस्टर हाऊसमधील भाषणात त्यातील एक अर्थ निवडला. एकल बाजारपेठ सोडायची, सीमाशुल्क संघाचे पूर्ण सदस्यत्व सोडायचे, आणि वाईट करारापेक्षा करार न झालेला बरा. हा अर्थ चूक की बरोबर, हा मुद्दा नाही. तो मतदारांनी नव्हे, पंतप्रधानांनी लावलेला होता, हा मुद्दा आहे. संसदेने पाठ फिरवली असती तर कौलाचा विश्वासघात झाल्याची ओरड झालीच असती. पण मे यांच्या अर्थावर आक्षेप घेणाऱ्यालाही तेव्हा तोच आरोप ऐकावा लागत होता, आणि हे अधिक धोक्याचे होते.

जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या जनमत कौलाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांपुढे फूल आणि दोन पाने अशा दोन निशाण्या होत्या. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असलेल्याने फुलावर आणि संघप्रदेश हवा असलेल्याने दोन पानांवर मत द्यायचे. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरोधात १,७२,१९१. अंतर अवघे ३४,०२१ मतांचे. आजही या विषयावर घराघरांत दोन सूर निघतात. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचे मगो सरकार आधी पायउतार झाले. कौल विलीनीकरणवाद्यांच्या विरुद्ध गेला. त्यानंतर मार्चमध्ये निवडणूक झाली, तेव्हा त्याच मतदारांनी मगोला पुन्हा सत्ता दिली. ज्या पक्षाचा मूळ आग्रहच लोकांनी नाकारला होता, त्यानेच संघप्रदेशाचा कारभार केला आणि कौल मोडला नाही.

यात बांदोडकरांच्या खिलाडू वृत्तीचा वाटा आहे, तसाच प्रश्नाच्या रचनेचाही. दोन पानांना मत म्हणजे जे आहे ते तसेच राहणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. जिंकलेल्या बाजूसाठी कोणाला काही नवे उभारावे लागले नाही. फूल जिंकले असते, तर संसदेत कायदा, नोकऱ्या, मालमत्ता, अधिकाऱ्यांच्या सेवाज्येष्ठता असे सगळे गुंते सुटायचे होते आणि तेव्हा कसोटी लागली असती. ब्रिटनमध्ये फूल जिंकले आहे. आणि गोव्यातही कौलाने उत्तर दिले ते एकाच प्रश्नाचे. विलीनीकरण नको हे ठरले. मग राज्य कधी आणि भाषा कोणती, हे ठरायला १९८७ उजाडले. शिक्षणाच्या माध्यमाचा वाद तर ४ फेब्रुवारी २०१७ च्या मतदानापर्यंत येऊन ठेपला होता.

ब्रिटनमध्ये असे उरलेले प्रश्न अधिक जड होते. स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने दिली. त्यांच्या विधिमंडळांना नकाराधिकार नाही, हेही न्यायालयाने याच निकालात स्पष्ट केले. त्यामुळे एडिंबरोत स्वातंत्र्यासाठी दुसऱ्या सार्वमताची भाषा सुरू होती. बेलफास्टमधील संयुक्त सरकार जानेवारी २०१७ मध्ये वेगळ्या कारणाने कोसळले. संघाची बाह्य सीमा पुढे आयर्लंडच्या शेताबांधांतून जाणार असेल, तर तेथे तपासणी नाके उभारायचे की नाही, याचे उत्तर तेव्हा लंडनमध्ये कोणाकडेही नव्हते.

दक्षिण इंग्लंडमधील स्विंडन शहरानेही संघ सोडण्याचाच कौल दिला होता. त्या शहरात गोव्याहून गेलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून, पोर्तुगीज पासपोर्टवर, म्हणजे युरोपीय नागरिक म्हणून ही माणसे तेथे गेली आणि गोदामांत, कारखान्यांत कामाला लागली. त्यांना राहण्याची हमी द्यायला मे तयार होत्या, पण युरोपात राहणाऱ्या ब्रिटिशांना तशीच हमी मिळाली तरच. तोवर ज्यांना तेथे पाच वर्षे झाली, ते कायम वास्तव्यासाठी ८५ पानी अर्ज भरत होते. ज्यांना झाली नव्हती, ते वाट पाहत होते. चर्चेला येणार असलेल्या त्या दोन कलमी विधेयकात त्यांच्याविषयी एक शब्दही नव्हता.